व्हर्मांटच्या दगडाळ उतारावर दहा गुंठे द्राक्षबाग

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील व्हर्मांट राज्यात डोंगरउतारावर घर घेतलेल्या आणि मागच्या मोकळ्या जमिनीत द्राक्षाचे वेल लावण्याचा विचार करणाऱ्या मराठी वाचकांसाठी हा लेख लिहिला आहे. माझे बालपण तासगाव तालुक्यात द्राक्षाच्या मांडवाखाली गेले. त्यामुळे इथे पहिले वेल लावताना या विषयात आपल्याला शिकण्यासारखे फारसे उरलेले नाही अशी माझी समजूत होती. पहिल्या दोन हिवाळ्यांत निम्म्याहून अधिक वेल गेले तेव्हा ती समजूतही गेली. तासगाव-नाशिककडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करून वेलाने केव्हा फुटायचे हे आपण ठरवतो, आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्टही लावतो. इथे वेल वर्षातले जवळजवळ सहा महिने झोपलेला असतो आणि तो वेळेआधी जागा होऊ नये हीच बागायतदाराची काळजी असते. जागा कोणती निवडावी, वाण कोणता घ्यावा, छाटणी केव्हा करावी, खत किती कमी द्यावे, हे सगळे या एका फरकावर अवलंबून आहे. म्हणून नवख्यांना माझा पहिला सल्ला असा, की वेलांची मागणी नोंदवण्याआधी एक पूर्ण वर्ष फक्त जमीन ओळखण्यात घालवावे.

लहान बाग म्हणजे किती, हेही आधीच ठरवलेले बरे. पाव एकर, म्हणजे आपल्या हिशेबाने दहा गुंठे, जागेत दोन ओळींमध्ये ९ फूट आणि दोन वेलांमध्ये ८ फूट अंतर धरले तर कागदावर दीडशे वेल बसतात. कडेची वळणाची जागा आणि न हलणारे मोठे धोंडे वगळले की सव्वाशे उरतात. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी काम करणाऱ्या दोन माणसांना एवढी बाग पुरते. याहून मोठ्या बागेला ट्रॅक्टर लागतो, आणि दगडाळ उतारावर ट्रॅक्टर चालवणे हे नवख्याचे काम नव्हे.

एक हिवाळा आणि एक वसंत नुसते पाहावे

थंड हवा जड असते आणि ती पाण्यासारखी उताराने खाली वाहत जाते. शांत, निरभ्र रात्री उताराच्या तळाशी तिचे तळे साचते, आणि त्या तळ्यात सापडलेला वेल वरच्या वेलापेक्षा काही अंश अधिक थंडी सोसतो. यासाठी उताराचा मधला पट्टा सर्वांत चांगला. माथ्यावर वारा झोंबतो आणि पायथ्याशी थंडी साचते. ही गोष्ट ऐकून न ठेवता मोजून घ्यावी. किमान तापमानाची नोंद ठेवणारे तीन साधे तापमापक घेऊन एक माथ्यावर, एक मध्ये आणि एक पायथ्याशी असे छातीच्या उंचीवर खुंटीला बांधावेत, आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या व पुन्हा मे महिन्याच्या पहाटांचे आकडे वहीत लिहावेत. माझ्या जागेत दीडशे फुटांच्या अंतरावर काही पहाटे तीन अंशांचा फरक दिसला, आणि मी पहिले वेल नेमके चुकीच्या टोकाला लावले होते.

खालच्या बाजूला जुना दगडी बांध, दाट झुडपांची रांग किंवा गच्च कुंपण असेल तर ते थंड हवेला धरणासारखे अडवते. अशा बांधात दहा-पंधरा फुटांची वाट मोकळी केली तरी हवेचा निचरा सुधारतो. न्यू इंग्लंडमधले, म्हणजे व्हर्मांट ज्यात येते त्या ईशान्येकडच्या राज्यांतले, हे बांध जुन्या शेतकऱ्यांनी शेतातले दगड वेचून रचलेले आहेत, त्यामुळे ते मोडण्याआधी हद्दीची खातरजमा करावी. पुष्कळदा तोच बांध शेजाऱ्याची सीमा असतो.

उताराचे तोंड दक्षिणेला किंवा आग्नेयेला असावे. दक्षिण उतारावर बर्फ लवकर वितळतो आणि डोळेही थोडे लवकर फुगतात, हा त्यातला धोका आहे. पण इथल्या आखूड उन्हाळ्यात फळ पिकण्यासाठी लागणारी ऊब मिळवायची तर दुसरा मार्ग नाही. वसंतातला शेवटचा आणि शरदातला पहिला हिमदव यांच्यामध्ये साधारण १४० ते १५० दिवस मिळत असतील तर लवकर येणारे वाण घ्यावेत. त्याहून बरेच कमी मिळत असतील तर द्राक्षाचा नाद सोडून सफरचंद लावावे, आणि त्यात कमीपणा मानू नये.

अमेरिकेच्या कृषी खात्याचा थंडीच्या विभागांचा नकाशा पाहण्याची इथे पद्धत आहे. व्हर्मांटचा बराचसा भाग त्यात चौथ्या आणि पाचव्या विभागात येतो; चौथ्या विभागाची मर्यादा उणे ३४ ते उणे २९ अंश सेल्सियस आणि पाचव्याची उणे २९ ते उणे २३ अंश अशी आहे. मात्र हे आकडे वर्षातल्या सर्वांत थंड रात्रीची सरासरी सांगतात, आणि २०२३ च्या नकाशात ती १९९१ ते २०२० या तीस वर्षांची आहे. वेल मात्र सरासरीने मरत नाही, त्या तीस वर्षांतल्या एखाद्या रात्रीने मरतो. म्हणून नकाशा सांगेल त्याहून एक विभाग अधिक थंडी सोसणारा वाण निवडावा.

कातळ आणि दगडगोटे यांत फरक करावा

‘खडकाळ जमीन’ हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण तिचे दोन प्रकार आहेत आणि एक वेलाला मानवतो तर दुसरा त्याला मारतो. हिमयुगातल्या बर्फाच्या थराने डोंगर खरवडून आणलेली माती, वाळू आणि लहानमोठे दगडगोटे यांचे मिश्रण इथल्या बहुतेक उतारांवर पसरलेले आहे. हे मिश्रण तीन फूट किंवा अधिक खोल असेल तर द्राक्षाला उत्तम: पाणी थांबत नाही, दगड दिवसा तापतात, आणि माती फार सुपीक नसल्यामुळे वेल पानोळ्यात शक्ती घालवत नाही. दुसरा प्रकार म्हणजे फूट-दीड फूट मातीखाली सलग कातळ. वरून दोन्ही जमिनी सारख्याच दिसतात, गवतही सारखेच उगवते.

फरक ओळखण्यासाठी पाच फुटी पहार घ्यावी आणि नियोजित ओळींवर दर दहा फुटांना ती मारत जावे. दगड लागला तर पहार तिरकी करून किंवा हातभर सरकवून पुन्हा मारावी. दगडगोटे असतील तर ती वाट काढत खाली जाते, कातळ असेल तर चारही बाजूंना त्याच खोलीवर ठण्ण वाजते. प्रत्येक ठिकाणची खोली चौकटीच्या कागदावर लिहिली की जमिनीच्या पोटातला नकाशा तयार होतो. अडीच फुटांपेक्षा कमी खोली सलग दिसली तर तेवढा तुकडा सोडून द्यावा. त्यानंतर दोन-तीन जागी तीन फूट खोल खड्डे खणावेत, त्यांत पाणी भरावे आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. चोवीस तासांनंतरही पाणी उभे असेल तर तिथे वेल लावू नये.

कोकणातून आलेल्या वाचकांना इथे एक मोह होईल, कारण रत्नागिरीकडे कातळात सुरुंगाने खड्डे फोडून त्यांत माती भरतात आणि हापूसची कलमे लावतात, आणि ती छान वाढतात. तो प्रयोग इथे करू नये. कातळातला खड्डा म्हणजे पक्क्या तळाची वाटी असते. शरदातला पाऊस आणि वसंतात वितळणारा बर्फ तिच्यात साचतो, आणि हिवाळ्यात मुळांभोवती बर्फाचा गोळा तयार होतो. माझे पहिले वेल गेले ते याच कारणाने. थंडी सोसणाऱ्या वाणाची पिकलेली काडी उणे ३० अंशांत टिकते खरी, पण त्याच वेलाचे मूळ उणे दहाच्या आसपासच मरू लागते, ही गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती. मुळे वाचतात ती त्यांच्यावरच्या मातीमुळे आणि त्या मातीवरच्या बर्फामुळे. कातळावरच्या उथळ मातीत मुळांना खोल जाता येत नाही, आणि वाऱ्याने बर्फ उडून गेलेल्या उघड्या माथ्यावर तर त्यांच्या अंगावर पांघरूणही राहत नाही.

खोलीची खात्री झाली तरी दगड वेचण्याचे काम संपत नाही. दगडाखालची ओलसर माती गोठताना फुगते आणि दगडाला वर उचलते. वितळताना मोकळ्या जागेत माती शिरते आणि दगड खाली बसत नाही. असे करत करत दर वसंतात नवे दगड वर येतात. त्यामुळे ओळींच्या जागेतले डोक्याएवढे आणि त्याहून मोठे दगड काढावेत, मुठीएवढे तिथेच राहू द्यावेत. सगळी जमीन चाळून काढण्याचा उत्साह पहिल्या वर्षी पाठदुखीशिवाय काही देत नाही.

माती परीक्षण आणि चुना

व्हर्मांट विद्यापीठाच्या कृषी विस्तार विभागामार्फत माती परीक्षण करून मिळते. वरच्या आठ इंचांचा एक आणि आठ ते सोळा इंचांचा दुसरा असे वेगवेगळे नमुने द्यावेत. पूर्वी जंगल असलेल्या उताराची माती बहुधा आम्ल असते, आणि द्राक्षाला सामू (पीएच) सहा ते साडेसहाच्या आसपास लागतो. चुना मातीत अतिशय सावकाश खाली उतरतो; वेल उभे राहिल्यावर तो वरून टाकला तर मुळांपर्यंत पोहोचायला वर्षे लागतात. त्यामुळे अहवालात सांगितलेले चुन्याचे प्रमाण लागवडीच्या आधीच्या उन्हाळ्यात पसरून मातीत मिसळून घ्यावे, आणि त्यावर बकव्हीट व पुढे हिवाळी राय पेरून जमीन झाकून ठेवावी. शेणखताचा हात मात्र आखडता ठेवावा. नत्र जास्त झाले की वेल सप्टेंबरपर्यंत वाढत राहतो, काडी हिरवीच राहते आणि हिरवी काडी पहिल्या कडाक्यातच जाते.

वाण

इथे थॉमसन, सोनाका, शरद या आपल्याकडच्या वाणांपैकी काहीही जगणार नाही. युरोपातल्या प्रसिद्ध वाइनच्या जातीही, म्हणजे शार्दोने, काबर्ने वगैरे, उणे २० ते २३ अंशांच्या खाली डोळे गमावतात. न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्स भागात कॉन्स्टँटिन फ्रँक यांनी १९६२ साली वायनरी सुरू करून रीसलिंगसारख्या जाती थंडीतही येतात हे दाखवून दिले. ते उदाहरण सगळेच देतात. पण तिथे सेनेका हे सरोवर सुमारे १८८ मीटर खोल आहे आणि त्याच्या पाण्यातली ऊब हिवाळाभर काठावरच्या उतारांना मिळते. आपल्या उतारासमोर तसे पाणी नसेल तर ते उदाहरण आपल्या कामाचे नाही.

आपल्या कामाचे वाण मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमधून आले आहेत. उत्तर अमेरिकेच्या नदीकाठी रानात वाढणारी रिपारिया नावाची द्राक्षाची जात कमालीची थंडी सोसते, आणि तिचा युरोपीय जातींशी अनेक पिढ्या संकर करून हे वाण तयार झाले. मिनेसोटा विद्यापीठाने १९९६ मध्ये फ्रॉन्टनॅक, २००२ मध्ये ला क्रेसेंट, २००६ मध्ये मार्केट (Marquette) आणि २०१७ मध्ये इटास्का हे वाण दिले. विस्कॉन्सिनमधले एल्मर स्वेन्सन हे मूळचे दुभत्या गुरांचे शेतकरी. त्यांनी आपल्या शेतावर आयुष्यभर संकर केले आणि सेंट क्रॉय, प्रेअरी स्टार, ब्रियाना असे वाण लोकांच्या हाती दिले. तास-ए-गणेश आणि सोनाका या जाती आपल्याकडच्या शेतकऱ्यांनीच बागेतून निवडल्या, हे माहीत असलेल्या माणसाला स्वेन्सन यांच्याविषयी लगेच जवळीक वाटते.

नवख्याने दोनच वाण घ्यावेत, अधिक नाही. लाल वाइनसाठी मार्केट चांगला आहे. पिनो न्वार हा त्याच्या आजोबांच्या पिढीतला, आणि त्याची चव या गटात सर्वांत संतुलित मानली जाते. त्याचा दोष एकच, की तो वसंतात लवकर फुटतो. १८ मे २०२३ च्या पहाटे व्हर्मांटमध्ये पडलेल्या गोठणीने सफरचंद आणि द्राक्षाच्या बागांची जी हानी केली, तशा पहाटेला लवकर फुटणारा वाण आधी सापडतो. फ्रॉन्टनॅक थोडा उशिरा फुटतो आणि भरपूर पिकतो, पण त्याची आंबटाई साखर भरल्यावरही उतरत नाही. पांढऱ्यात इटास्काची आंबटाई कमी असल्यामुळे मी तो सुचवेन. थंडीच्या जागी पायथ्याकडच्या ओळी फ्रॉन्टनॅकच्या आणि वरच्या ओळी मार्केटच्या अशी वाटणी केली तर दोघांचे स्वभाव सांभाळले जातात.

रोपे स्वतःच्या मुळांवरची घ्यावीत. आपल्याकडे डॉगरिजच्या खुंटावर कलम केल्याशिवाय बाग लावण्याची कल्पना करवत नाही, पण ती गरज क्षार आणि पाण्याच्या ताणामुळे निर्माण झालेली आहे. इथे एखाद्या हिवाळ्यात वेल जमिनीपर्यंत मेला तर स्वतःच्या मुळांवरचा वेल तळातून पुन्हा त्याच वाणाचा फुटतो. कलमी वेल असेल तर खालून खुंट फुटतो आणि आपण तीन वर्षे त्याची सेवा करून भलतेच फळ खातो. रोपवाटिकांची नोंदणी आदल्या शरदातच भरते, त्यामुळे मागणी वेळेवर द्यावी.

लागवड

रोपे मे महिन्यात येतात ती पिशवीतली नसतात. मातीविना, उघड्या मुळांची, झोपलेली काडी असते. ती पाहून पहिल्यांदा माणूस निराश होतो. मुळे चार-सहा तास पाण्यात भिजवावीत, तुटलेली टोके छाटावीत आणि मुळे पसरून बसतील एवढा रुंद खड्डा घ्यावा. दगडाळ जमिनीत भाड्याने आणलेले खड्डे घेण्याचे यंत्र हिसके देते आणि मनगट मोडू शकते, म्हणून पहार, टिकाव आणि फावडे यांवरच भिस्त ठेवावी. नेमक्या खुणेवर मोठा धोंडा आला तर वेल फूटभर सरकवावा. ओळीत वेल थोडा मागेपुढे झाल्याने काही बिघडत नाही. खड्ड्यातली तीच माती परत भरावी, त्यात खत घालू नये, पायाने हलके दाबावे आणि बादलीभर पाणी द्यावे. वर दोन डोळे ठेवून बाकीची काडी छाटून टाकावी.

पहिल्या उन्हाळ्यात वेलाभोवती दीड-दोन फुटांचे आळे तणमुक्त ठेवणे आणि पाऊस नसेल त्या आठवड्यात पाणी देणे, एवढेच काम असते. दगडाळ जमीन लवकर सुकते, आणि पहिल्या वर्षाच्या वेलाला ते सोसत नाही. रोपाभोवती संरक्षक नळी लावली असेल तर ती ऑगस्टच्या अखेरीस काढावी. आतल्या उबेत काडी पिकायची राहून जाते.

खांब आणि तारा

वेलांपेक्षा खांब, तारा, कुंपण आणि जाळी यांचाच खर्च अधिक येतो, हे आधीच गृहीत धरावे. मांडवाची किंवा वाय पद्धतीची इथे गरज नाही. रिपारियाच्या वंशातल्या बऱ्याच वेलांच्या फुटी खाली लोंबत वाढतात, म्हणून जमिनीपासून सहा फुटांवर एकच मजबूत तार ओढून तिच्यावर दोन्ही बाजूंना ओलांडे, म्हणजे खोडाच्या आडव्या फांद्या, धरण्याची पद्धत सोपी आणि स्वस्त पडते. फळ उंचावर राहिल्याने हिमदव आणि हरणे या दोघांपासून थोडा बचावही होतो.

इथे मिळणारे ब्लॅक लोकस्ट या झाडाचे लाकूड रसायनाशिवायही वर्षानुवर्षे कुजत नाही, त्याचे खांब मिळाले तर घ्यावेत. जमीन गोठताना जशी दगड उचलते तशी खांबही उचलते, त्यामुळे मधले खांब किमान दोन फूट आणि टोकाचे तीन फूट आत हवेत. जिथे पहार जात नाही तिथे खांबाची जागा सरकवावी. ओळीचे टोक नेमके कातळावर आलेच तर तिथला कातळ एकदाचा उपयोगी पडतो: खडकात छिद्र पाडून लोखंडी आकडी दगडासाठीच्या चिकट मिश्रणाने पक्की बसवली की तिच्यासारखा ताण मातीत रोवलेली कोणतीही आकडी घेत नाही.

दुसऱ्या वर्षापासून: खोड, काडी आणि डोळे

दुसऱ्या वर्षी वेल तारेपर्यंत नेताना एकाऐवजी दोन खोडे धरावीत. आपल्याकडे सरळ एक खोड हे नीटनेटक्या बागेचे लक्षण मानतात. इथे खोड थंडीने तडकते, तडकलेल्या जागी गाठी आणणारा जिवाणू शिरतो आणि ते खोड हळूहळू निकामी होते. दुसरे खोड असले तर पीक चालू राहते आणि तळातून येणाऱ्या नव्या फुटीतून गेलेल्याची जागा भरून काढता येते. या वर्षी आलेले सगळे घड खुडून टाकावेत. तिसऱ्या वर्षी जोमदार वेलावर थोडेसे ठेवावेत, आणि चौथ्या वर्षापासून खरे पीक धरावे.

छाटणी वर्षातून एकदाच, मार्चअखेरीपासून एप्रिलपर्यंत करावी. तिच्याआधी डोळ्यांची तपासणी करणे हा इथल्या बागेतला सर्वांत महत्त्वाचा अर्धा दिवस आहे. ऑक्टोबर छाटणीपूर्वी काडी तपासून डोळ्यात घड आहे की नाही हे आपल्याकडे पाहतात. इथे डोळा जिवंत आहे की नाही हे पाहायचे असते. प्रत्येक वाणाच्या, उताराच्या वेगवेगळ्या भागांतल्या काड्या मिळून शंभर डोळे घ्यावेत, काड्या एक-दोन दिवस घरातल्या उबेत ठेवाव्यात आणि धारदार पात्याने डोळा आडवा कापावा. आत मधोमध मुख्य कोंब आणि त्याच्या बाजूंना दोन राखीव कोंब दिसतात. हिरवे असतील ते जिवंत, तपकिरी झाले असतील ते मेलेले. शंभरांपैकी पंधरापर्यंत मुख्य कोंब मेले असतील तर नेहमीसारखी छाटणी करावी. तीस-चाळीस मेले असतील तर त्या प्रमाणात जास्त डोळे राखावेत, आणि निम्म्याहून अधिक गेले असतील तर त्या वर्षी मोडक्या-वाळक्या काड्या काढण्यापलीकडे कात्री चालवू नये. एरवी ओलांड्याच्या एका फुटावर चार ते सहा डोळे राहतील असा हिशेब ठेवावा.

लवकर फुटणाऱ्या वाणासाठी दोन टप्प्यांची छाटणी उपयोगी पडते. पहिल्या वेळी काड्या लांबच ठेवाव्यात. काडीच्या शेंड्याकडचे डोळे आधी फुगतात आणि तळाचे त्यामुळे काही दिवस मागे राहतात. गोठणीची भीती कमी झाली की काडी हव्या त्या दोन-तीन डोळ्यांवर आणावी. उशिरा घेतलेल्या कापातून पाणी टपकते, त्याची चिंता करू नये. हिरवी फूट उणे एक-दोन अंशांत जळते, आणि जळाल्यावर राखीव कोंबातून येणाऱ्या फुटीवर काही घड येतात, पण पीक कमीच मिळते. मे महिन्यात ओळींमधले गवत आखूड कापून ठेवावे, कारण उंच गवतामुळे जमिनीची ऊब वर येत नाही. आणि सव्वाशेच वेल असल्यामुळे अगदी वाईट पहाटेआधी वेलांवर पातळ कापड घालणे शक्य असते.

रोग, हरणे, उंदीर आणि पाखरे

डावणी आणि भुरी हे बुरशीचे रोग इथेही आहेत, फक्त इथल्या संकरित वाणांना ते युरोपीय जातींपेक्षा कमी लागतात. नवीन ओळख करून घ्यावी लागते ती मण्यांच्या काळ्या कुजीशी. हा मूळचा उत्तर अमेरिकेचाच बुरशीजन्य रोग आहे. त्यात मणी काळे, कडक आणि मनुक्यासारखे सुकून घडावर लटकत राहतात आणि पुढच्या वसंतात त्यांच्यातूनच लागण होते. छाटणीच्या वेळी असा एकही सुकलेला मणी वेलावर ठेवू नये. फुलोऱ्याच्या आधीपासून मणी धरल्यानंतरच्या तीन-चार आठवड्यांपर्यंतचा काळ सर्वांत नाजूक असतो. थोड्याच फवारण्या करायच्या असतील तर त्या याच काळात कराव्यात. गंधक सगळ्या वाणांना चालत नाही, कॉन्कॉर्ड आणि मारेशल फॉश यांची पाने त्याने भाजतात. तेव्हा सवयीने गंधक मारण्याआधी वाणाची माहिती आणि डब्यावरच्या सूचना वाचाव्यात.

हरणांसाठी आठ फुटी कुंपण लागवडीच्या आधी उभे असले पाहिजे, नंतर नव्हे. हिवाळ्यात बर्फाखाली बोगदे करून फिरणारे व्होल नावाचे उंदीर खोडाची साल गोलाकार कुरतडतात आणि वेल वसंतात कारण न कळता वाळतो. त्यासाठी खोडाभोवती बारीक जाळीची नळी लावावी आणि शरदात गवत आखूड करावे. मण्यांत पाणी उतरू लागताच पाखरांसाठी जाळी घालावी. आणि बागेत काम करून आल्यावर अंगावर गोचीड नाही ना, हे रोज पाहावे, कारण इथल्या हरणांच्या गोचिडीतून लाइम रोग होतो.

तोडणी, आणि हिवाळ्याआधीची कामे

रसातली साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर २२-२३ ब्रिक्स (साखरेचे प्रमाण) दिसले की आपल्याकडच्या माणसाचे हात शिवशिवतात. या वाणांमध्ये साखर आधी भरते आणि आंबटाई मागून उतरते, म्हणून ब्रिक्सबरोबर आम्लता आणि सामूही मोजावा, बिया तपकिरी झाल्या का ते पाहावे आणि हवा साथ देत असेल तर थांबावे. मार्केट साधारणपणे सप्टेंबरच्या उत्तरार्धात आणि फ्रॉन्टनॅक त्यानंतर येतो. पूर्ण वाढलेल्या वेलाकडून चार-पाच किलो फळाची अपेक्षा ठेवावी. सव्वाशे वेलांचे साडेपाचशे किलो धरले आणि एका बाटलीला सव्वा किलोच्या आसपास द्राक्षे लागतात असे मानले, तर सव्वाचारशे-साडेचारशे बाटल्या होतात. घरात दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर स्वतःच्या वापरासाठी वर्षाला २०० गॅलनपर्यंत आणि एकच प्रौढ असेल तर १०० गॅलनपर्यंत वाइन करण्यास संघराज्याचा कायदा परवानगी देतो, आणि एवढी वाइन नव्वद गॅलनच्या आत बसते. त्यातली एकही बाटली विकायची असेल तर संघराज्याचा आणि राज्याचा असे दोन्ही परवाने लागतात.

तोडणीनंतर खत देऊ नये. नोव्हेंबरमध्ये जमीन गोठण्याआधी खोडांच्या बुंध्याशी, विशेषतः पहिल्या तीन वर्षांच्या वेलांना, आठ-दहा इंच मातीचा ढीग लावावा. तो वसंतात पुन्हा पसरावा लागतो. उंदरांच्या जाळ्या तपासाव्यात, पाखरांची जाळी काढून छपराखाली ठेवावी. शेवटी ताण देण्याच्या कळा उलट फिरवून तारा थोड्या सैल कराव्यात, कारण उणे तीस अंशांत पोलादी तार आखडते आणि टोकाचा खांब ओढून काढते.